जपानला गेलेला मुराळी

आमच्या घरात मला लांबच्या प्रवासाला एकट्याला पाठवायची पद्धत नाही. एकदा मिरजेत गाडी बदलताना मी उलट्या दिशेच्या गाडीत बसलो आणि कोल्हापूरऐवजी बेळगावात उतरलो. ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक लग्नकार्यात जेवणं झाल्यावर निघते, आणि ती मीच सांगतो. कारण दुसऱ्यानं सांगितली की त्यात मी बेळगावच्या स्टेशनातून घरी फोन करून ‘कोल्हापूर किती बदललंय गं’ म्हणालो, असंही येतं. ते खरं नाही. फार तर निम्मं खरं आहे.

त्यामुळे शाळा मला जपानला पाठवतेय हे कळल्यावर बायकोनं पहिला प्रश्न विचारला तो, “बरोबर कोण?” बरोबर मॅडम, म्हणजे आमच्या प्राचार्या होत्या. मग तिचा जीव भांड्यात पडला.

आमची शाळा निवासी. पन्हाळ्याच्या रस्त्याला, उसाच्या रानांत. पाचवीला पोर येतं, दहावीला जातं. मी तिथे मराठी शिकवतो आणि माजी विद्यार्थ्यांशी संबंध ठेवायचं कामही माझ्याकडे आहे, कारण मला सगळ्यांची नावं आठवतात असा समज आहे. खरं तर नाव एकाचंही आठवत नाही. चेहरा बघितला की गाव आठवतं. “काय रे कबनूरकर” असं म्हटलं की समोरच्याला वाटतं, सरांनी बरोबर ओळखलं.

आमची जुनी मुलं इंजिनिअर होऊन जपानात बरीच गेलीत. शिवाय तिकडे नोकरी करणाऱ्या काही जोडप्यांनी आपली मुलं आमच्याकडे ठेवलीत. या सगळ्यांना एकदा जाऊन भेटावं, असं ठरलं. कामाचं स्वरूप एवढंच होतं. निघायच्या आदल्या आठवड्यात त्यात एका कामाची भर पडली, आणि आता मागे बघताना वाटतं की मी गेलो ते त्याच कामाला.

दुपारची वेळ होती. शिक्षकखोलीच्या दारात एक माणूस चपला काढून उभा राहिला. पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल. मला चेहऱ्यावरून गाव आठवलं, गावावरून म्हशी आठवल्या आणि म्हशींवरून मुलगी आठवली. ही मुलगी पाचवीपासून आमच्याकडे होती. आई लहानपणीच गेलेली, पाठचं-पुढचं कुणी भावंड नाही. घरात बाप आणि चार म्हशी. पुढे ती इंजिनिअर झाली, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला लागली, कंपनीनं तिला शिकायला जपानला पाठवलं आणि तिथेच कचेरीतल्या एका जपानी मुलाशी तिनं लग्न केलं. लग्न तिकडच्या कायद्यानं, सह्या करून झालं. इकडून कुणी गेलं नाही. बाप रागावलाय, असं गावात बोललं जात होतं.

मी त्याला बसवलं, चहा मागवला.

“सर, जपानला निघालाय म्हणं.”

“हो. तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुमचा आचारी आमच्या गल्लीतलाच न्हवं का.” त्यानं कप उचलला. उचलताना हात असा थरथरला की चहा बशीत आला, बशीतून गुडघ्यावर. त्यानं दुसरा हात वर ठेवला आणि कप दाबून धरला, जणू तो उडून जाणार होता. “मग येताना आमच्या पोरीला घिऊन येता का?”

मला वाटलं, विमानात सोबत म्हणून. मी म्हणालो, “आणतो की. तिला फोन करून कळवा, आम्ही अमुक तारखेला निघतोय म्हणून.”

वर्गात एखाद्यानं अगदीच चुकीचं उत्तर दिलं की मी जसा बघतो, तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

“फुनवर बोलवाय ती काय रोजगारी बाई हाय व्हय, सर? दिल्या घरची लेक हाय. म्हायरचं माणूस तिच्या घरात गेलं पायजे, तिच्या सासूला इचारलं पायजे. तुमी मुराळी म्हणून जायाचं.”

मुराळी हा शब्द मी किती वर्षांनी ऐकला. आमच्या आत्याला न्यायला माझे वडील मुराळी म्हणून जायचे. लग्नानंतर लेक आपणहून उठून माहेरी येत नाही. भाऊ नाहीतर चुलतभाऊ शिदोरी घेऊन तिच्या घरी जातो, पाहुणचार घेतो आणि मग सासूला म्हणतो, लेकीला चार दिवस न्यायला आलोय. सासू हो म्हणाली की तिला घेऊन यायचं. आता पोरी स्कूटरवर येतात, भाजीची पिशवी ठेवावी तशी मुलांना आजोळी टाकून जातात. मुराळी उरला तो म्हाताऱ्यांच्या बोलण्यात. आणि या एका माणसाच्या डोक्यात.

“पण तुम्ही तिला कधी ये म्हणालाच नाहीत?”

“कसं म्हणणार? दर ऐतवारी बोलतो की फुनवर. पर ये म्हणायचा अधिकार मुराळ्याचा. मला पोरगा न्हाई. चुलतभाऊ तिकडं जायाचा न्हाई, मी गेलो तर म्हशी कोण बघणार? तीन वर्सं झाली, तिकडं कोण जातंय काय म्हणून बघतोय.”

राग वगैरे काही नव्हता. जावयाबद्दल विचारलं तर म्हणाला, “पोरगं बरं हाय. त्येच्या आज्याची बी भातशेतीच होती म्हणं.”

मी हाताबद्दल विचारलं. त्यानं तो टॉवेलाखाली घेतला.

“दावला मोठ्या दवाखान्यात. कंपवात म्हणत्यात. गोळ्या चालू हाईत. माणसाचं काय न्हाई, पर म्हस पान्हा सोडंना झालीय. तिला कळतंय, हात बदललाय.” मग तो पुढे वाकला. “सर, ह्यातलं तिकडं एक अक्षर बोलायचं न्हाई.”

“का? हे कळलं तर ती उद्या येईल.”

“म्हणून तर. दुखणं सांगून आणलेली लेक म्हायरला आली म्हणत न्हाईत. ती समाचाराला आली म्हणत्यात. समाचाराला काय, पावणं बी येत्यात.”

मी शब्द दिला. मास्तर माणसाला शब्द देणं फार सोपं असतं, रोज तेच काम.

घरी सांगितलं तर बायको हातातलं काम थांबवून म्हणाली, “मिरजेहून स्वतःला नीट आणता येत नाही, आणि जपानहून दुसऱ्याची लेक आणणार?” पण शिदोरीचे कानवले कसे भरायचे, प्रवासात फुटू नयेत म्हणून डब्यात खाली काय घालायचं, हे तिनंच त्या माणसाच्या भावजयीला फोन करून सांगितलं. डबा आला. त्याबरोबर विहिणीच्या मानाची साडी, खण, हळद-कुंकवाच्या पुड्या आणि शेंडीचा नारळ. नारळ मुंबईच्या विमानतळावर सुरक्षारक्षकानं काढून बाजूला ठेवला. मी त्याला मुराळी म्हणजे काय ते समजावू लागलो, तेव्हा मॅडमनी माझा दंड धरून मला पुढे नेलं. “सर, आपण शाळेच्या कामाला चाललोय,” त्या म्हणाल्या. मॅडम पुण्याच्या. चांगल्या आहेत, पण पुण्याच्या.

टोकियोच्या एका उपनगरात आपली माणसं बरीच राहतात. तिथल्या एका सभागृहात आमची मंडळी जमली. सूट घातलेली, केस विरळ झालेली मुलं. मी सवयीनं “चला, जेवायला” म्हणालो आणि ती सगळी कुणी न सांगता भिंतीकडेनं एका रांगेत उभी राहिली. मग आपण काय केलं ते लक्षात येऊन हसली. त्यातला एक मात्र रांगेतून बाहेर आला नाही. म्हणाला, “सर, ताट कुठे मिळतंय?”

जेवणानंतर पालक भेटले. सभेत सगळ्यांनी गणिताबद्दल विचारलं, क्रीडांगणाबद्दल विचारलं. सभा संपल्यावर एक आई मला खिडकीपाशी घेऊन गेली. तिचा मुलगा आमच्याकडे पाचवीत आहे.

“सर, तो रडतो का हो?”

अशा वेळी काय सांगायचं, याचं आमच्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे. ते माझ्या तोंडात आलं नाही. “रडतो. रविवारी संध्याकाळी. मग भूक लागते, मग जेवतो.”

“रविवारी आम्ही फोन करतो म्हणून?”

“हो.”

“मग करू नको का?”

“करा. नाही केलात तर सोमवारीही रडेल.”

तिनं मान हलवली आणि जिना उतरून गेली. मी बरोबर बोललो की नाही, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीनं त्या मुलीच्या सासरच्या गावाला निघालो. गाडीत मी मॅडमना सगळं सांगितलं, बापाच्या हाताच्या दुखण्यासकट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तिला आधी कळवलंत का, तुम्ही कशाला येताय ते?”

“नाही. मुराळी कळवून जात नाही.”

“सर, हे फार अवघड होणार आहे.” त्यांचं म्हणणं खरं ठरलं.

स्टेशनवर ती उभी होती. आधी कमरेत वाकली, मग एकदम काहीतरी आठवल्यासारखी खाली वाकून पाया पडली, आणि दोन्ही झाल्यावर गोंधळून हसली. “सर, तुम्ही तसेच आहात.” “तू मात्र उंच झालीस,” मी म्हणालो. हे मी सगळ्यांना म्हणतो. ती उंच झालेली नव्हती.

घर लहान, स्वच्छ. नवरा कामावर गेलेला. सासूबाई दारात आल्या. बारीक चणीची बाई, स्वयंपाकाचा ॲप्रन बांधलेला, पिकलेले केस कानामागे घेतलेले. चहा झाला. आमच्यासमोर एका टोपलीत त्यांच्या अंगणातली तांबूस फळं होती. खिडकीतून भाताची वावरं दिसत होती, कापणी झालेली. शाळेचं बोलून झालं. मग मी डबा काढून मांडीवर घेतला, घसा साफ केला. प्रवासभर पाठ केलेलं वाक्य होतं.

“तुझ्या आबांनी मला मुराळी म्हणून पाठवलंय. यांना सांग.”

तिनं विचारलं, “म्हणजे काय?”

मी सहा वर्षं तिला मराठी शिकवलं. वृत्तं शिकवली, समास शिकवले, तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी गुण दिले. पण हा शब्द तिच्या पुस्तकात कुठे नव्हता, आणि ज्या वयात तो घरात कानावर पडतो, त्या वयात ती आमच्याकडे घंटेवर उठत होती आणि घंटेवर झोपत होती. तिच्या घरी सांगायला बाईमाणूस नव्हतं. बापाला वाटलं, एवढं तर लेकीला ठाऊक असणारच. त्याला ते कुणी शिकवल्याचं आठवत नव्हतं, म्हणून तिलाही शिकवायला लागेल असं त्याच्या मनात आलं नाही.

मी समजावून सांगितलं. लेक आपणहून येत नाही, तिला न्यायला माणूस जातो, सासूची परवानगी घेतो. ते माणूस मी. तुझे आबा तीन वर्षं तसं माणूस शोधत होते.

सासूबाई एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. मॅडमनी चहाचा रिकामा पेला परत तोंडाला लावला.

“मी सांगू यांना?” ती म्हणाली. “माझ्याच तोंडानं? मला पाठवा म्हणून?”

“दुसरं कोण आहे?”

ज्या लेकीला न्यायचं तीच दुभाषी, असा मुराळी आजवर कुणी झाला नसेल. ती खाली बघून बोलू लागली. मधे थांबत होती, बहुतेक शब्द नव्हते. सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग त्या खुर्चीतून उठल्या, ॲप्रन सारखा केला आणि जमिनीवर गुडघे टेकून माझ्यासमोर बसल्या. खुर्चीत मी आणि जमिनीवर विहीण, हे मला सोसेना, म्हणून मीही खाली बसलो. माझे गुडघे वाजले. कुणी हसलं नाही.

त्या सावकाश, बराच वेळ बोलल्या. मुलीनं भाषांतर सुरू केलं. “त्या म्हणतात, त्यांच्यातही लेक माहेरी जाऊन राहते. त्याला त्यांचा शब्द आहे. तुम्ही एवढ्या लांबून विचारायला आलात, हे... पाठवीन म्हणतात. कधीही. हवे तेवढे दिवस. आणि म्हणतात, इतके दिवस त्यांना वाटत होतं...” तिथे ती थांबली. उठून आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला.

आम्ही तिघं तसेच बसलो. सासूबाईंना आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्यांची. सासूबाईंनी डब्याकडे बघितलं, मी तो दोन्ही हातांनी पुढे केला, त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

ती बाहेर आली, उभ्यानंच म्हणाली, “त्यांना वाटत होतं, मला कुणी नाही. माझ्याकडचं कुणी कधी आलं नाही, म्हणून. विचारलं तर मला वाईट वाटेल, म्हणून त्यांनी कधी विचारलंही नाही.”

यावर मी काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्याकडे म्हणी भरपूर आहेत. एकही कामाची निघाली नाही. बोलल्या त्या मॅडम. “सर, ती साडी काढा,” त्या म्हणाल्या. “ओटी भरायची ना? ती काही तुम्हाला भरता येणार नाही.”

मुलीकडून त्यांनी ओंजळभर तांदूळ मागून घेतले. बुटके, गोल दाणे. सासूबाईंना पदर नव्हता, त्यांनी ॲप्रनची दोन टोकं धरून पुढे केली. साडी, खण, तांदूळ त्यात पडले. नारळाच्या जागी मॅडमनी टोपलीतलं एक फळ ठेवलं आणि कुंकू लावलं. शाळेत हळदीकुंकवाला सुट्टी मागितली तर ज्या भुवई उंचावतात, त्या मॅडम. सासूबाई ते ॲप्रनमधलं ओझं तसंच धरून किती वेळ बसल्या होत्या. ते खाली ठेवायचं असतं की नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि आमच्याही ध्यानात आलं नाही.

ती आम्हाला स्टेशनपर्यंत सोडायला आली. मॅडम दोन पावलं पुढे चालत राहिल्या, मुद्दाम.

“सर, मी तुमच्याबरोबर येणार नाही.”

“रजेचं बघून पुढच्या—”

“रजेचं नाही. तुम्ही आलात, मला बरं वाटलं. पण मला तुम्ही कशाला न्यायला पाहिजे? मला त्यांच्या तोंडचं ‘ये’ पाहिजे. दर रविवारी फोन ठेवताना मी थांबते, सर. वाटतं, आता म्हणतील. ते म्हणतात, ‘ठिवू का? धारंची वेळ झाली.’ तीन वर्षं मी म्हशींवर रागावलेय.” हसली, पण ते काही खरं हसणं नव्हतं. “मला वाटलं, त्यांना हे लग्न पटलं नाही. कुणी येतही नाही, बोलवतही नाही. मग मी कुठल्या तोंडानं विचारू, येऊ का म्हणून?”

“त्यांची रीतच तशी आहे गं.”

“असेल. मला कोण सांगणार होतं? तुमच्या धड्यात होतं?”

“नव्हतं.”

थोडं चाललो. मग तिनं विचारलं, “आबा बरे आहेत ना?”

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या जिभेवर होतं. चार शब्द. ते उच्चारले असते तर तिनं त्याच दिवशी तिकीट काढलं असतं, मी लेक घेऊन परत आलो असतो आणि गावात माझा मान वाढला असता. मॅडम पुढे थांबून मागे वळल्या होत्या. मी बोलतो की नाही हे त्या बघत होत्या.

“त्यांनी मला तुला न्यायला पाठवलंय,” मी म्हणालो. “खुशाली सांगायला नाही. ती तू येऊन बघायची.”

तिनं माझ्याकडे निरखून बघितलं. तिनं पुढे विचारलं नाही, हे तिचे उपकार.

गाडी सुटायच्या आधी तिनं पिशवीतून आमचाच डबा काढून हातात दिला. सासूबाईंनी तो धुऊन, काहीतरी भरून, फडक्यात बांधून दिला होता. माहेरचा डबा रिकामा परत पाठवू नये, हे त्या बाईंना कुणी सांगितलं असेल, देव जाणे.

कोल्हापूरला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्कूटर काढली. गावात शिरताना वाटत होतं, रस्त्यातच कुणीतरी म्हशी सोडाव्यात आणि माझी वाट अडावी. मुलीचा बाप गोठ्यातच होता. म्हशीच्या कुशीला डोकं टेकून बसलेला, बादली मांडीत. बादलीत फारसं काही नव्हतं. स्कूटर थांबल्यावर त्यानं वर बघितलं. आधी माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या सीटकडे. मग माझ्यामागच्या रस्त्याकडे.

“आली न्हाई,” तो म्हणाला.

“न्हाई,” मी म्हणालो.

तो उठला. बादली खुंटीला लावली, एक गोणपाट झटकून मला बसायला टाकलं. “च्या घेनार?” विचारलं. मी नको म्हणालो. मग मी पहिल्यापासून सांगितलं. स्टेशन, घर, चहा. तो ऐकत होता, पण त्याचं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं.

“तिच्या सासूबाईंनी काय सांगितलं?”

“पाठवते म्हणाल्या. कधीही. हवे तेवढे दिवस.”

“सोताच्या तोंडानं?”

“स्वतःच्या तोंडानं.”

“बसून का उभ्यानं?”

“जमिनीवर गुडघे टेकून.”

त्यानं मोठा श्वास सोडला. “मग झालं की. मान ऱ्हायला. माणूस गेलं, इचारलं, घरानं व्हय म्हटलं.” मला कळेना, मी रिकाम्या हातानं आलो आणि हा माणूस समाधानानं मान हलवतोय. त्याच्या हिशेबी माझं काम पुरं झालं होतं. माझ्या हिशेबी ते अजून व्हायचं होतं.

“आबा,” मी म्हणालो, “ती रागावून नाही राहिली. तिला ही रीतच ठाऊक नव्हती. तिला वाटलं, तुम्हीच बोलवत नाही. दर रविवारी फोन ठेवताना ती थांबते, तुम्ही ये म्हणाल म्हणून.”

“ऐतवारी?”

“आणि तिच्या सासूला वाटत होतं, हिला कुणी नाही.”

हे सांगावं की नाही, याचा मी विमानात फार विचार केला होता. सांगितलं. पन्हाळ्याच्या अंगाला ऊन उतरत होतं. डेअरीची वेळ होऊन गेली होती, गल्लीतली माणसं रिकाम्या किटल्या घेऊन परत येत होती. एकजण ओरडला, “काय वं, आज दूध घालायचं न्हाई व्हय?” त्यानं हातानंच पुढे जा म्हणून खुणावलं.

“कुनी न्हाई म्हणं,” तो स्वतःशीच म्हणाला. मग हौदावर जाऊन हात धुतले, टॉवेलानं पुसले, टोपी नीट केली. “लावा फोन. तोंड दिसतंय तसला. तुमी धरा, मी बोलतो.”

मी फोन लावला आणि त्याच्यासमोर धरला. तो हात मागे बांधून उभा राहिला, शाळेत पोरं उभी राहतात तसा. पडद्यावर ती दिसली. “सर? काय झालं? आबा?”

“कवा येतीस?” तो म्हणाला. इतक्या मोठ्यानं की म्हशीनं मान वळवली.

ती पडद्याच्या जवळ आली.

“आता सासूबाईंनी परवानगी दिलीया. सर इचारून आल्यात. कवा येतीस, सांग.”

“तुम्ही म्हणताय, आबा? तुम्ही स्वतः?”

“मग कोन म्हननार? तुझा बाप कोन हाय, हे सर?” तो थांबला. त्याचा आवाज खाली आला. “ये बाळ. घर उघडंच हाय.”

तिचं तोंड पडद्यातून बाजूला गेलं. नुसती भिंत दिसत राहिली, भिंतीवरचं घड्याळ. मग ती परत आली, डोळे पुसलेले. “येते. पुढच्या महिन्यात रजा टाकते.”

“नक्की?”

“नक्की, आबा.”

“शबुद?”

“शब्द.”

मग त्यानं मागे बांधलेला उजवा हात पुढे काढला आणि माझ्या हातातून फोन घेतला. मी द्यायला नको म्हणत होतो, त्यानं ओढूनच घेतला. पडदा गदागदा हलायला लागला.

“आबा, नीट धरा की. काहीच दिसत नाही.”

“न्हाई धरता येत नीट आता.”

“म्हणजे?”

मी गोठ्याबाहेर आलो आणि स्कूटरपाशी उभा राहिलो. आत ती एकेक विचारत होती, आणि तो एकेकाला उत्तर देत होता, न लपवता.